‘आई, कॅरन होऊ नकोस’ : बायकांची नावं शिवीसारखी का वापरतात?

मीठभाकरी

गेल्या रविवारची गोष्ट. नणंदेच्या वास्तुशांतीला द्यायला चार चादरी घेतल्या होत्या. आपल्याच, सोलापुरी. घरी आणून उलगडल्या तर दोन चादरी अरुंद वाटल्या. शिवणाची टेप लावली, तर चार बोटं कमी. बिलावर मात्र चारींचं माप एकच लिहिलेलं. गेले परत. (दुकानाचं नाव विचारू नका, सांगणार नाही.)

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, धुतल्यावर बसते थोडी." मी म्हटलं, "बाळा, अजून घडी मोडली नाही, धुतली कुठनं?" मग म्हणाला, मालक जेवायला गेलेत. मी म्हटलं, थांबते. तिथंच बाकड्यावर बसले. आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. पर्समधून टेप काढून शेजारी ठेवली, तेवढंच.

सोबत लेक होती. पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीला आलेली. दाराशी मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती, तिथनंच म्हणाली, "आई, चल ना. कॅरन होऊ नकोस प्लीज." काउंटरवरच्या दोघांपैकी एकाला कळलं असावं, कारण तो फिसकन हसला. मला कळलं नाही, म्हणून मी पण हसले!

रिक्षात बसल्यावर विचारलं. "अगं, दुकानात भांडणाऱ्या, मॅनेजरला बोलवा म्हणणाऱ्या बायकांना अमेरिकेत कॅरन म्हणतात. मीम आहे." मी म्हटलं, मी भांडत नव्हते, मोजत होते. तर म्हणे, "तेच ते."

रात्री झोप लागेना. कॅरन हे तिकडं साधं बारशाला ठेवलेलं नाव ना? मग त्या नावाच्या बायकांनी काय करायचं? आणि आपल्याकडं अशी नावं कुठली? मला पटकन आठवली ती ‘येडी चंपा’. बाळीवेशीत राहायचो तेव्हा आमच्या वाड्यात खरीखुरी चंपाबाई होती, आणि वाड्यातली पोरं एकमेकांना येडी चंपा म्हणताना तिच्या खोलीपुढं आली की आवाज बारीक करायची. म्हणजे कळत होतं की!

तुमच्या आठवणीतली नावं सांगा. अनुभव असतील तर तेही.

टॉवेलवाला

चादरी बदलून मिळाल्या का? मुद्द्याचं तेवढं राहिलं.

तिरकीरेघ

चांगला धागा. पटापट आठवलेली: चंपा, ठमी, ठमाकाकू, काकूबाई, मणिबेन, शांताबाई, भागूबाई. यातली भागूबाई तर पुरुषाला म्हणतात. म्हणजे बाईचं नाव लावलं एवढ्यानंच पुरुषाचा अपमान पुरा होतो, वेगळी शिवी शोधायला नको.

रामायण-महाभारतातल्या वेगळ्या. मंथरा, कैकेयी, शूर्पणखा, हिडिंबा. पण त्या निदान काहीतरी करून बसल्या होत्या. चंपानं काय केलं होतं?

सुगरणपक्षी

वाचतेय. आमच्याकडं पाचव्या दिवशी नळाला पाणी येतं. मागच्या उन्हाळ्यात सातव्या दिवशीही आलं नाही, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर "टँकर कधी?" एवढंच विचारलं, तर एका काकांनी उत्तर दिलं, "आल्या शांताबाई." खाली बारा जणांनी हसण्याचे चेहरे टाकले. त्या बारा जणांच्या घरी पण पाणी नव्हतं.

माझं नाव शांता नाही, हे सांगायला पाहिजे का?

अनिवासी_अण्णा

ताई, लेकीने अर्धंच सांगितलं. मी वीस वर्षं न्यू जर्सीत आहे, हे मीम डोळ्यांदेखत वाढलं.

कॅरन हे मुळात कॅथरीनचं डॅनिश रूप. अमेरिकेत १९६५ साली मुलींच्या नावांमध्ये ते तिसऱ्या क्रमांकावर होतं. म्हणजे त्या बायका आज साठीच्या आसपास. आपल्याकडच्या शोभा, मंगल, सुनंदा समजा. एका पिढीचं नाव, आणि चेष्टा करणारी पोरं पुढच्या पिढीची. सुरुवातीला फक्त ती केसांची ठेवण (मागून आखूड, पुढून लांब) आणि "मॅनेजरला बोलवा" हे वाक्य, एवढ्यावर हसायचं.

मग २५ मे २०२० ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका गोऱ्या बाईचा कुत्रा पट्ट्याविना मोकळा होता. पक्षी बघायला आलेल्या एका काळ्या माणसानं तिला पट्टा लावायला सांगितलं. तर तिनं पोलिसांना फोन लावला आणि ‘आफ्रिकन अमेरिकन माणूस मला धमकावतोय’ असं सांगितलं. त्यानं ते सगळं मोबाइलवर घेतलं. त्याच दिवशी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. म्हणजे अशा एका फोनचं पुढे काय होऊ शकतं हे लोकांना एकाच दिवसात दिसलं. त्यानंतर ‘कॅरन’ला निराळंच वजन आलं. सॅन फ्रान्सिस्कोने त्याच वर्षी कायदा केला. केवळ वंश बघून कुणावर विनाकारण पोलीस बोलावले, तर त्या माणसाला भरपाईचा दावा लावता येतो. कायद्याच्या लांबलचक नावाची अद्याक्षरं जुळवून ‘कॅरेन’ होईल असं बघितलं. स्पेलिंग तेवढं वेगळं.

तेव्हा हा शब्द सरसकट बाईविरुद्ध आहे असं म्हणू नका. तो आपल्या कातडीचा रंग हत्यारासारखा वापरणाऱ्या बाईविरुद्ध आहे. चादरीचं माप मागणाऱ्या सोलापूरच्या बाईला तो लागूच होत नाही. लेकीला एवढं सांगा.

आता दुसरी बाजू. माझ्या ऑफिसात एक कॅरन आहे. स्वभावाने गरीब गाय. कॅफेटेरियात तिला परवा थंडगार कॉफी दिली. मी म्हटलं, बदलून घे. तर म्हणाली, "माझ्या नावाच्या बाईला ती सोय राहिली नाही." प्यायली तशीच.

टॉवेलवाला

म्यानमारमध्ये कॅरेन नावाची अख्खी जमात आहे, त्यांचं काय मग? लाखो लोक मॅनेजरला बोलवा म्हणत फिरतात का?

(चादरींचं काय झालं?)

जुनाखोड

सगळ्यात बाईवरचा अन्याय शोधायची एक साथच आली आहे. पुरुषांच्या नावांचं काय कमी केलंय आपण? पोलिसाला पांडू. मुंबईत घरगड्याला रामा, मग त्याचं नाव विष्णू असो की सखाराम. कुणी ऐरागैरा असेल तर सोम्यागोम्या. बावळट असेल तर बंड्या. जरा तोऱ्यात वागला की ‘बाजीराव लागून गेला’. यावर कधी कुणी धागा काढला? भाषा अशीच चालते. हसायचं आणि सोडून द्यायचं.

तिरकीरेघ

जुनाखोड, बाजीराव म्हणजे पेशवा हो! पुरुष तोऱ्यात वागला की त्याला पेशव्याच्या गादीवर नेऊन बसवता आणि बाई तोऱ्यात वागली की तिला धुण्याभांड्याच्या शांताबाईपाशी आणता.

रामा आणि पांडूचं मात्र मान्य. पण पोलिसाला पांडू म्हटल्यानं दुसरा एखादा पांडुरंग तक्रार करायची थांबत नाही. सुगरणपक्षीनं पाणी विचारलं आणि एका नावानं विषय बंद झाला. मी बोलतेय ते या वापराबद्दल.

सुगरणपक्षी

बंद नाही झाला. टँकर मीच आणवला. पैसे द्यायला बाराही जण आले.

भीमाकाठ

भागूबाईवरनं सांगतो. आमच्या आत्याचं नाव भागूबाई. मंगळवेढ्याजवळचं गाव, काळी जमीन, ज्वारीचा मुलूख. खाली थोडा ऊस. मोटारीला लाईट रात्रीची. आत्याचे मालक, आमचे मामा, लौकर गेले, पोरं बारकी. आत्या रात्री एक-दोनला हातात बॅटरी, खांद्यावर खोरं घेऊन एकटी पाणी धरायला जायची. पायात मामांचे बूट, दोन नंबर मोठे, त्यात चिंध्या कोंबलेल्या. बांधावर सळसळलं की आधी बूट आपटायची, मग बॅटरी मारायची. एकदा मी सोबत गेलो, सातवीत होतो. अंधारात काहीतरी पळालं आणि मी बोंबललो. आत्या म्हणाली, "ससा हाय बे."

दुसऱ्या दिवशी शाळेत कबड्डीत मी मागं राहिलो तर मास्तर म्हणाले, "काय रे भागूबाई?" मला वाटलं यांना आत्याचं कळलं आणि कौतुक करलालेत. लै छाती फुगली माझी. सगळी पोरं हसायला लागल्यावर उजेड पडला.

अण्णांच्या ऑफिसातल्या कॅरनबाईंना पाठवा तिकडं, आत्या बदलून आणंल कॉफी.

हॉस्टेलवाली

मी त्या लेकीच्या वयाची आहे, म्हणून तिच्या बाजूनं. आम्ही हे कुणालाही म्हणतो. मेसमध्ये भाजीत मीठ कमी म्हणून वाद घालणाऱ्या आमच्या वर्गातल्या मुलालाही कॅरन म्हणतो. त्यात आईचा अपमान करायचा हेतू नसतो. आईबरोबर दुकानात उभं राहणं हाच एक प्रकार असतो काकू. सगळे बघत असतात, आई पंधरा रुपयांसाठी वाद घालत असते, आणि आपल्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

पण वाचता वाचता हेही लक्षात आलं की मुलालाही आम्ही बाईचंच नाव देतो. म्हणजे भागूबाईच झाली की ही. फक्त परदेशी.

टॉवेलवाला

इंपोर्टेड भागूबाई.

सोनम_खरीच

मला वाटलं कुणीतरी काढेलच विषय. नाही काढला, म्हणून मीच.

‘सोनम गुप्ता बेवफा है.’ आठवतंय? २०१६ मध्ये कुणीतरी दहाच्या नोटेवर लिहिलेलं, त्याचा फोटो फिरला. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि ते पुन्हा उसळलं, यावेळी कोऱ्या करकरीत दोन हजारच्या नोटेवर. मी तेव्हा अकरावीत. माझं आडनाव गुप्ता नाही. काय फरक पडतो? वर्गात हजेरी घेताना ‘सोनम’ म्हटलं की मागच्या बाकावरनं "बेवफा" यायचं. सर पण हसू दाबायचे.

पप्पांसोबत बँकेच्या रांगेत उभी होते. चार तास. खिडकीशी पोचलो, आतल्या माणसानं फॉर्मवरचं नाव वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि शेजारच्याला म्हणाला, "अरे, ही बघ, सापडली." रांगेतले सगळे हसले. पप्पांना काही कळलं नाही. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, "बँकेत सोनमला ओळखतात वाटतं."

देशभर ती सोनम गुप्ता शोधत होते लोक. ती बेवफा होती की नाही, त्या पोराला तिनं कधी हो म्हटलं होतं का, हे कुणीच विचारलं नाही. त्यानं नोटेवर लिहिलं आणि झालं. आता दोन हजारची नोट गेली, पण माझं नाव आहे तिथंच आहे.

अनिवासी_अण्णा

सोनम, हे मला फक्त विनोद म्हणून पोचलं होतं. मीही पुढं पाठवलं होतं. चुकलंच.

टॉवेलवाला

मी पण. आणि नोटेवर लिहिलंय म्हणून माझी शंभरची परत आलेली, ते दुःख वेगळंच.

२०१९ च्या निवडणुकीत एका नेत्याच्या नाव-आडनावाची अद्याक्षरं जोडून विरोधकांनी त्यांना ‘चंपा’ केलं होतं. सभेत टाळ्या काय, शिट्ट्या काय! चंपाबाई बघत असतील तर म्हणत असतील, आता इथं पण मीच?

व्यवस्थापक

राजकारण इथंच थांबवा. चादरीवर बोला.

कन्नाचौक

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, कारखान्यात दोन्ही. आमचं पण एक नाव सांगतो. नरसम्मा.

आई बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीनं पान कापायचं, भरायचं, गुंडाळायचं, दोरा. बोलता बोलता हात चालायचे, बघावं लागायचं नाही. दिवसाला हजार बिडी झाली पाहिजे, हिशेब हजारावर. संध्याकाळी मी सायकलवर तिला घेऊन माल द्यायला जायचो. तिथला तपासणारा मुठीनं बिड्या उचलायचा, जराशी सैल वाटली की बाजूला टाकायचा. टाकलेल्याचे पैसे नाहीत, पण बिड्या ठेवून घ्यायचा.

रांगेत पन्नास बाया. त्याच्यासाठी सगळ्या नरसम्मा. "ए नरसम्मा, पुढं हो." आईचं नाव पद्मावती. कार्डावर लिहिलेलं, कार्ड त्याच्याच हातात. एक दिवस आई म्हणाली, टाकलेल्या मोजून दाखवा. मोडक्या मराठीत म्हणाली. तो म्हणाला, "नरसम्मा शिकली वाटतं मोजायला." रांगेतली खरी नरसम्मा मागं उभी होती, आमच्याच वाड्यातली. ती पण हसली. का हसली ते मला अजून कळलेलं नाही. मीठभाकरीताई, तुम्ही दुकानात हसलात म्हणून सांगितलं तेव्हा तीच आठवली.

शाळेत आमच्या पोरींना पण तेच. ‘अम्मा’ किंवा ‘अव्वा’वर संपणारं नाव असलं की संपलं. मल्लव्वा, नागव्वा, यल्लम्मा. आमच्या बहिणीनं दहावीच्या फॉर्मला नाव बदलून घेतलं. आता ती स्नेहा आहे. घरात कुणी स्नेहा म्हणत नाही.

सुगरणपक्षी

कन्नाचौक, आमच्या शाळेत मी पण हसलेय ‘अव्वा’ला. माझी आजी कानडी, तिला मी अव्वाच म्हणायचे. तरी हसलेय.

नेकारकाठ

श्टुटगार्टहून. इथं जर्मनीत पुरुषाचं नाव आहे: केविन. १९९० च्या आसपास एकदम फॅशनमध्ये आलं, अमेरिकन सिनेमांमुळे. साध्या घरांतून जास्त ठेवलं गेलं. २००९ मध्ये ओल्डेनबुर्ग विद्यापीठातल्या एका पाहणीत प्राथमिक शिक्षकांना नावांबद्दल विचारलं, तर केविन म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं वांड, अभ्यासात मागे असलेला मुलगा उभा राहायचा. एका शिक्षकानं लिहिलं होतं की केविन हे नाव नाही, निदान आहे. डॉक्टर करतो ते निदान. मुलींमध्ये तीच गत शांतालची.

हे कॅरनच्या उलटं आहे. केविन, शांताल म्हटलं की गरिबाघरचं, कमी शिकलेलं. माझ्या मुलाच्या वर्गात एक केविन आहे. गणितात पहिला येतो. पालकसभेत त्याची आई नाव सांगताना आधीच ओशाळं हसते.

तिरकीरेघ

नेकारकाठ आणि कन्नाचौक यांचं वाचून डोक्यात काहीतरी जुळतंय. मांडून बघते, पटलं नाही तर हाणा.

अण्णा म्हणाले तो कॅरनचा जोर कुठून आला? ज्यांच्यावर पोलीस बोलावले जातात त्यांनी बोलावणारीला नाव दिलं. म्हणजे खालच्यानं वरच्याला. नरसम्मा, शांताबाई, रामा, शांताल ही वरच्यानं खालच्याला दिलेली. दोन्ही वेळा एका माणसाचं नाव काढून त्याच्या जागी साचा ठेवला, पण दिशा वेगळी.

मग ताईंच्या दुकानात काय झालं? शब्द आला तो पोलीस बोलावणाऱ्या गोऱ्या बाईसाठी तिकडच्यांनी घडवलेला, इथं उतरेपर्यंत त्यातला पोलीस गळला, रंग गळला. उरली फक्त तक्रार करणारी बाई. आणि असल्या बाईला गप्प करायला आपल्याकडं गिऱ्हाईक तयारच होतं.

अनिवासी_अण्णा

पटलं. भर घालतो. कॅरनच्या कितीतरी आधीपासून इथल्या काळ्या लोकांच्या बोलण्यात गोऱ्या मालकिणीसाठी ‘मिस ॲन’ हे नाव होतं. तिच्या तोंडावर नाही, आपसात. तिच्या घरात राबायचं, तिला तोंडावर मॅडम म्हणायचं, आणि घरी येऊन "आज मिस ॲन काय म्हणाली माहितेय?"

कन्नाचौक

अण्णा, आमच्या बाया पण ठेवायच्या त्या तपासणाऱ्याला नाव. तेलुगूत. इथं लिहिण्यासारखं नाही.

टॉवेलवाला

माझ्या विपूत (विचारपुशीत) लिहा.

जुनाखोड

पहिल्या प्रतिसादात जरा तोडून लिहिलं. मत बदललेलं नाही, पण एक सांगतो.

आमच्या सौभाग्यवतींचं नाव शांता. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, अक्कलकोट तालुक्यात, रोज एसटीनं जाऊन येऊन. त्या नावाचं गाणं मध्यंतरी गाजलं, प्रत्येक वरातीत, प्रत्येक मंडळापुढं. त्यांच्या निरोप समारंभात गावातल्या पोरांनी हौसेनं तेच लावलं. चांगल्या मनानं लावलं, नाचली पण पोरं. त्या खुर्चीवर मांडीवर नारळ घेऊन बसलेल्या, हसत होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "छत्तीस वर्षांत मला शाळेत कुणी नावानं हाक मारली नव्हती. बाई म्हणायचे. आज पहिल्यांदा नाव घेतलं, ते असं."

मी तेव्हाही म्हटलं होतं, हसायचं आणि सोडून द्यायचं. त्यांनी सोडलं असेल. मला मात्र आठवतंय, हे आज लिहिताना कळलं.

रामा आणि पांडूवर कुणीतरी धागा काढाच पण.

भीमाकाठ

जुनाखोड, बाईंना नमस्कार सांगा.

हॉस्टेलवाली

थोडं अवांतर. आमच्या सातारच्या मैत्रिणीनं सांगितलं, तिच्या चुलतबहिणीचं नाव नकुशी होतं. मुलगा हवा असताना परत मुलगी झाली म्हणून नकोशी. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली. मुलींनी नवीन नावं स्वतः निवडली. म्हणजे इथं नावाची शिवी झाली नाही, शिवीचंच नाव ठेवलं.

सुगरणपक्षी

दगडू, धोंडू, केरबा ही पण तशीच वाटतात, पण ती उलटी आहेत. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून दृष्ट लागू नये असं ओबडधोबड नाव ठेवायचं. तो मुलगा हवाच असायचा. नकुशीत तसलं काही नाही.

आणि २०२३ मध्ये विधवांच्या नावामागं ‘गंगा भागीरथी’ लावायचा सरकारी विचार आलेला आठवतो का? गं. भा. पत्रिकेत असायचंच. दोन नद्यांची नावं घेऊन बाईला कोपऱ्यात बसवायची रीत. ओरड झाली आणि मागं पडलं.

कन्नाचौक

एवढं सगळं वाईटच चाललंय म्हणून एक चांगलं. कुंभारीला बिडी कामगार बायांची दहा हजार घरांची वसाहत आहे, शेतकरी-कामगार चळवळीतल्या गोदावरी परुळेकरांच्या नावाची. रिक्षावाला काय म्हणतो? "गोदूताई, गोदूताई, दोन शीट!" आई शेवटची सहा वर्षं तिथं राहिली. पत्ता विचारला की म्हणायची, "गोदूताईत." घराच्या कागदावर पद्मावती असं तिचं नाव आहे. तो कागद तिनं लॅमिनेट करून घेतला होता.

टॉवेलवाला

आता माझा खरा प्रतिसाद. घरचे यंत्रमाग होते, आजोबांपासून. टॉवेल आणि चादर. बंद केले, ते जाऊ दे.

सिंगल चादर साठ बाय नव्वद इंच धरतात. मागावरनं उतरलं की कापड आखडतं, ते धरूनच फणी (ताण्याचे धागे ज्यातून जातात ती कंगव्यासारखी चौकट) रुंद ठेवायची असते. काही जण सूत वाचवायला फणी तेवढीच ठेवतात, मग माल उतरला की दोन-तीन इंच गायब. धुतल्यावर आणखी बसणार ते वेगळं. तेव्हा ताई, तुमची चार बोटं मागावरच गेलेली, धुलाईचा संबंध नाही. तुम्ही मोजलं ते बरोबर मोजलं. दहा गिऱ्हाइकांनी टेप आणली असती तर आमच्यासारखे पूर्ण माप देणारे टिकले असते कदाचित.

आणि आता तिसऱ्यांदा विचारतो. चादरी?

मीठभाकरी

सगळे प्रतिसाद वाचले. लेकीलाही वाचायला दिले. सोनमचा आणि पद्मावतीबाईंचा दोनदा वाचला तिनं. काही बोलली नाही, फक्त विचारलं, "आई, अव्वा म्हणजे काय?"

टॉवेलवाला, सांगते. मालक तासाभरानं आले. त्यांनी काउंटरवर लोखंडी मीटरपट्टी टाकून चादर स्वतः मोजली. मग दुसरी. मग आतनं गठ्ठा मागवून आणखी तीन उलगडल्या, त्याही कमीच. मुलाकडं बघितलं आणि म्हणाले, "हा गठ्ठा बाजूला ठेव." मला एक शब्द बोलले नाहीत. माफी नाही, चहा नाही. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या दोन चादरी दिल्या, त्याही मी मोजून घेतल्या.

बदलीची चिठ्ठी घरी आल्यावर बघितली. गिऱ्हाइकाचं नाव त्या मुलानं मला विचारलंच नव्हतं. तिथं लिहिलं होतं, ‘टेपवाल्या काकू’.

लेकीनं त्याच नावानं माझा नंबर सेव्ह केलाय.

भीमाकाठ

आत्याकडं दोन चादरी पाठवायच्यात. काकू, कधी मोकळ्या आहात?